हो, लाज वाटली. चाळीस मिनिटं.

तुम्ही विचारलंय की डोंगरात अपघात होऊन बचावपथकाला बोलवायची वेळ कुणावर आली आहे का, तेव्हा नेमकं काय घडतं आणि मदत मागताना लाज वाटते का. माझ्यावर आली आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: वाटते, भयंकर वाटते. माझा उजवा घोटा मोडून पाऊल भलतीकडेच वळलं होतं आणि मी मैत्रिणीला सांगत होते, "थांब गं, इतक्यात फोन नको करूस, मी बसत बसत उतरेन."

डोंगराचं नाव देत नाही. नाव दिलं की लोक म्हणतात, तो डोंगरच वाईट. डोंगर चांगला होता. आम्ही दोघी स्क्रॅम्बलिंगला गेलो होतो, म्हणजे नुसतं चालून भागत नाही, हात लावावे लागतात, पण दोर काढावा इतकं अवघडही नाही, अशी धार. (सगळी मेख तिथेच आहे. दोर नाही म्हणजे ही पडायची जागाच नव्हे, असं मन धरून चालतं.) माथा झाला, फोटो झाले. उतरताना रचलेल्या दगडांची खूण सुटली आणि आम्ही एक नाळ (दोन धारांमधली उभी, अरुंद घळ) आधीच खाली वळलो. लक्षात आलं होतं. परत वर चढून बरोबर वाटेला लागायला पंधरा मिनिटं लागली असती. त्या पंधरा मिनिटांचा कंटाळा केला.

नाळेत दोन पुरुष उंचीचा एक कातळटप्पा लागला. असा टप्पा चढताना सोपा जातो, कारण पकडी डोळ्यांसमोर असतात. उतरताना पायाला स्वतःच चाचपत जागा शोधावी लागते. तिथे कातळाकडे तोंड करून उतरायचं असतं. मी बाहेर तोंड करून, बूड टेकत उतरत होते, कारण तसं केलं की खालचं दिसतं आणि बरं वाटतं. डाव्या हाताखाली घागरीएवढा धोंडा होता. भार टाकण्याआधी दगड बुक्कीने ठोकून बघावा, पोकळ वाजला तर सोडून द्यावा, हे मी स्वतः नवख्यांना शिकवलेलं आहे. हा ठोकला नाही. तो सुटून हातात आला.

पडणं मला आठवतं, फक्त क्रम लागत नाही. दगडावर दगड आपटल्यावर येतो तो जळका वास. हेल्मेटचा आतून ऐकू येणारा टक्क आवाज. मग घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या खड्यांच्या उतारावरून, पाठीवर घसरत जाणं. मी थांबले तरी माझ्याबरोबर सुटलेले खडे शेजारून खळखळत पुढे जात होते. मग एकेकाचा आवाज तुटायचा आणि बऱ्याच वेळाने खालून बारीक टक्. म्हणजे पुढे कडा होता. पावलाकडे बघितलं. बुटाची नाडी जशीच्या तशी, दोन्ही फासे नीट, मीच सकाळी बांधलेले. बूट मात्र बाहेरच्या बाजूला बघत होता.

आता ती चाळीस मिनिटं. त्यातली पहिली पाच समजू शकतात, मैत्रिणीला माझ्यापर्यंत जपून उतरायला तेवढी लागलीच. (ती माझ्या डोक्यावरून सरळ न येता बाजूने आली. तिच्या पायाखालचा दगड सुटला असता तर तो माझ्यावरच आला असता.) पुढची पस्तीस मी खाल्ली. उभं राहून बघितलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, उलटी झाली. मग बसून सरकायला गेले, हातभर सरकले. डोक्यात काय चाललं होतं? इतक्या लोकांना एका घोट्यासाठी वर चढायला लावायचं? लोक म्हणतील, कुणी सांगितलं होतं जायला. शेवटी मैत्रीण म्हणाली, "तू इथून सरकलीस तर कुठे जाशील ते बघ," आणि कड्याकडे बोट केलं.

नाळेत रेंज नव्हती. 112 हा नंबर बऱ्याच देशांत चालतो, आणि आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुणाची असेल तर त्यावरून लागू शकतो. पण तिथे कुणाचीच नव्हती. तिला धारेवर परत चढावं लागलं. जाण्याआधी तिने मला दोन मोठ्या धोंड्यांच्या मागे अडकवून बसवलं, माझ्या सॅकचं नारिंगी कव्हर वरून दिसेल असं दगडाखाली दाबलं आणि गेली. त्या दिवशीचा सगळ्यात धोक्याचा प्रवास माझा नव्हता, तिचा होता. एकटी, घाबरलेली, त्याच सैल दगडांतून. हे कळायला मला पुढे काही आठवडे लागले.

फोनवर काय विचारतात? किती जण आहात, जखम कुठे, माणूस शुद्धीवर आहे का, अंगावर कपडे कोणत्या रंगाचे, वर हवा कशी आहे, ढग खाली आलेत का, फोनची बॅटरी किती. आणि जागा. फोनमधले अक्षांश-रेखांश तिने घाईत दशांशानंतर तीनच आकडे वाचून दाखवले. समोरच्या बाईंनी शांतपणे सगळे आकडे पुन्हा वाचून घेतले. तीन आकड्यांत शंभरएक मीटरची मोघम जागा कळते, पाच आकड्यांत मीटरभराची. सपाटीवर शंभर मीटर म्हणजे काहीच नाही. डोंगरात शंभर मीटर म्हणजे शेजारची नाळ, आणि मध्ये कडा. शेवटी त्यांनी बजावलं: घरी फोन करू नका, हा फोन मोकळा ठेवा, आम्ही उलटा लावू.

हेलिकॉप्टर मिळालं नाही. ते पोचेपर्यंत अंधार पडला असता, शिवाय धारेवर वारा उठला होता. पथक पायी निघालं.

मैत्रीण परत माझ्यापाशी उतरून आली. मग वाट बघणं. पडायला दोन सेकंद लागली असतील, वाट बघायला चार तास. पायाला आधार म्हणून सॅकच्या पाठीतला फोम काढून घोट्याभोवती गुंडाळला आणि दोन्ही बाजूंना चालायच्या काठ्या बांधल्या. बूट काढला नाही. तोच आधार होता. नाडी सैल केली, आणि बोटं हलतात का, स्पर्श कळतो का, हे ती दर थोड्या वेळाने विचारायची. मला वाटलं होतं वेदनेने जीव जाईल. त्रास दिला तो थंडीने. वाऱ्यापेक्षा खालचा कातळ वाईट. तो अंगातली ऊब शोषून घेतो. रिकामी सॅक, दोराची झोळी, जे असेल ते बुडाखाली घेतलं. (हो, दोर होता. सॅकच्या तळाशी, गुंडाळलेला.) जास्तीचे कपडे थंडी वाजायच्या आधी चढवायला हवे होते, कुडकुडायला लागल्यावर बाहीत हातही धड जात नाही. एक गोष्ट मैत्रिणीला ठाऊक होती आणि तिने ती मला मुद्दाम सांगितली नाही: कुडकुडणं हे चांगलं लक्षण. शरीराचं तापमान 35 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की धोका सुरू होतो, आणि 32च्या आसपास कुडकुडणंच थांबतं. म्हणून ती सारखी माझा हात धरून बसली होती. मला वाटलं, प्रेमाने.

अंधार पडल्यावर हेडटॉर्चने खुणा सुरू केल्या. मिनिटात सहा वेळा उजेड, मग एक मिनिट काही नाही, पुन्हा सहा. ही खूण 1894पासूनची आहे, लंडनच्या अल्पाइन क्लबने ठरवलेली. शिट्टीनेही देता येते. तिचं उत्तर म्हणजे मिनिटाला तीन. आम्ही किती वेळ ते करत होतो कोण जाणे. मग खाली, खूप खाली, एक ठिपका लागला, विझला. लागला, विझला. लागला. मैत्रीण मोठ्याने मोजत होती आणि "तीन" म्हणताना तिचा आवाज फाटला. दिवसभरात ती पहिल्यांदा रडली.

पहिला माणूस आमच्यापाशी पोचला तेव्हा तो माझ्याकडे बघेना. टॉर्च वर मारून आधी त्याने डोक्यावरचे सैल दगड बघितले, मग एका पक्क्या खडकाला पट्टा टाकला, मला त्यात अडकवलं, आणि मग म्हणाला, "हां ताई, आता नाव सांगा." पायाला हात न लावता त्याने मान, पाठ, छाती, पोट असं सगळं तपासलं. मी म्हणत होते, अहो, पाय. तो म्हणाला, पाय दिसतोय, न दिसणारं शोधतोय. दोन बरगड्या मोडल्या होत्या. मोठ्या दुखण्यापुढे धाकट्याचा पत्ताच लागत नाही.

मला एका गादीवर घेतलं. तिच्यात बारीक मणी भरलेले असतात; पंपाने हवा काढून घेतली की ती अंगाच्या आकाराची होऊन प्लास्टरसारखी कडक होते. मग स्ट्रेचर, दोन दोर, एक खाली सोडायला आणि दुसरा पहिला दगा देईल म्हणून. स्ट्रेचरवर बांधलेल्या माणसाला आभाळ सोडून काही दिसत नाही. हात आत, डोकं पक्कं, नाक खाजलं तरी सांगावं लागतं. डोक्याकडचा मुलगा प्रत्येक हादऱ्याआधी सांगायचा, "आता डावीकडे तिरकं होणार. आता पायरी." इतकी छोटी गोष्ट, पण तिच्यामुळे मी ओरडले नाही. जे अंतर आम्ही पाऊण तासात उतरलो असतो त्याला चार तास लागले. आठ माणसं आलटून पालटून.

पुढचं थोडक्यात: प्लेट, सात स्क्रू, तीन महिने कुबड्या. डोंगरात पुन्हा जाते. चढाची भीती कधीच वाटली नाही. जिने उतरताना मात्र वर्षभर कठडा सोडवत नव्हता.

रस्त्याला लागल्यावर मी पथकप्रमुखांना म्हणाले, माफ करा, माझ्यामुळे तुमची रात्र गेली. त्यांनी घड्याळ बघितलं. "पडलात कधी?" मी म्हटलं, फोनच्या थोडं आधी. मैत्रीण मागून म्हणाली, "चाळीस मिनिटं आणि वर चढायला वीस." ते रागावले नाहीत. म्हणाले, "तासभर आधी कळलं असतं तर उजेडात हेलिकॉप्टर आलं असतं. रात्र आमची गेलीच नसती."

अजून मी म्हणते, पंचवीसच मिनिटं होती. मग ती फोन काढते. टप्प्याच्या वरून तिने काढलेला माझा शेवटचा फोटो 4 वाजून 6 मिनिटांचा आहे, टप्पा उतरायला सुरुवात करतानाचा. 112चा कॉल 5 वाजून 14 मिनिटांचा. फोटोत माझा डावा हात त्या धोंड्यावर आहे आणि मी हसतेय.