निवेदकाचा आवाज काढून टाकला की माहितीपट तटस्थ होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निपाणीच्या विडी वळणाऱ्या बायकांवर वीस-पंचवीस मिनिटांचा माहितीपट करायचाय. कुणाची बाजू घ्यायची नाही, म्हणून निवेदन नको, मुलाखती नकोत, नुसतं जे घडतंय ते दाखवायचं. हीच सगळ्यांत निष्पक्ष शैली ना?

माझ्या मते नाही. उलट बाजू लपवायला इतकी सोयीची शैली दुसरी नसेल. मी काही मोठा दिग्दर्शक नव्हे. बेळगावच्या शहापुरात राहतो, पोट लग्नाच्या शूटिंगवर चालतं, मधूनमधून तीन छोटे माहितीपट केलेत. पण ही चूक स्वतः करून बसलोय, म्हणून लिहितोय.

पहिला माहितीपट १ नोव्हेंबरवर केला. १९५६ साली याच तारखेला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. त्यामुळं इथं एका रस्त्यावर राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे असतात, तर दुसऱ्या रस्त्यावर काळा दिन, दंडाला काळ्या फिती, सायकल फेरी. मी ठरवलं, आपण तोंड उघडायचंच नाही, कॅमेरा बोलेल. एडिटिंगला बसलो. घोषणांच्या गदारोळानंतर एक शांत शॉट हवा होता, म्हणून खडेबाजारातली बंद शटरं टाकली. कट असा बसला की स्वतःवरच खूश झालो. घरच्यांना, शेजाऱ्यांना दाखवलं. शेजारचे काका, घरी कन्नड बोलणारे, वडिलांचे जुने दोस्त, त्यांनी संपल्यावर एवढंच विचारलं, "त्या दिवशी बंद कधी पडला रे?"

पडलाच नव्हता. ती शटरं मी सकाळी साडेसहाला टिपली होती, उजेड चांगला होता म्हणून. दुकानं उघडायचीच होती. एकही शॉट खोटा नाही, आणि तरी सगळं मिळून थाप.

त्याच माहितीपटात कट्ट्यावर बसलेले एक आजोबा शेजाऱ्याला म्हणतात, "आयुष्य गेलं गा ह्यात." मग चारेक सेकंद गप्प. मग खुदकन हसतात आणि माझ्याकडं बघून विचारतात, "च्या घेणार काय?" मी ते हसू कापलं, कारण गप्प चेहऱ्यावर शेवट जास्त जड वाटत होता. त्यांच्या नातीनं बघितलं आणि म्हणाली, "आमचे आजोबा असे नाहीत." बरोबर होतं तिचं. टाइमलाइनवर दीड इंच इकडं-तिकडं केलं आणि एका मिस्कील माणसाचा मी हुतात्मा करून टाकला होता.

निवेदनाला लोक नाकं मुरडतात त्याचं एक कारण फिल्म्स डिव्हिजन. १९४८ साली ती संस्था सुरू झाली आणि पुढं कित्येक वर्षं थिएटरात मुख्य सिनेमाआधी तो भारदस्त आवाज ऐकावा लागायचा: धरण, खत, प्रगती. पण त्या आवाजाचा एक प्रामाणिकपणा होता. सरकार बोलतंय हे पोरालाही कळायचं. याउलट १९६० च्या सुमारास खांद्यावर घेता येणारे कॅमेरे आणि सोबत आवाज टिपणारी यंत्रं आली, आणि अमेरिकेत 'आम्ही फक्त बघतो' म्हणणारी मंडळी निघाली. 'प्रायमरी' हा त्यातला गाजलेला माहितीपट, विस्कॉन्सिन राज्यातल्या केनेडी-हम्फ्री या उमेदवारांच्या लढतीवरचा. त्यात जॅकलिन केनेडी व्यासपीठावरून बोलतेय आणि कॅमेरा तिच्या पाठीमागं जाऊन हातमोज्यातल्या बोटांची चुळबुळ दाखवतो. सुंदर शॉट आहे. पण चेहरा सोडून बोटांकडं जायचं हे कुणीतरी ठरवलंच ना? त्याच काळात फ्रान्सात झाँ रूश आणि एदगार मोराँ यांनी दुसरी वाट धरली. त्यांच्या फिल्ममध्ये रस्त्यावरच्या लोकांना 'तुम्ही सुखी आहात का' असं थेट विचारलं जातं, ते दोघं स्वतः चित्रात दिसतात, आणि शेवटी फिल्ममधल्या लोकांना फिल्म दाखवून त्यांची भांडणंही त्यांनी फिल्ममध्ये ठेवली. मला ही वाट जास्त पटते.

बिल निकोल्स नावाच्या अभ्यासकानं माहितीपटाचे सहा प्रकार पाडलेत. परीक्षा असेल तर पाठ करा, शूटिंगला त्याचा फार उपयोग नाही. एकाच फिल्ममध्ये तीन-चार प्रकार सहज मिसळतात.

उभं केलेलं दृश्य म्हणजे लबाडी, हेही तितकंसं खरं नाही. रॉबर्ट फ्लाहर्टी या दिग्दर्शकानं बर्फाळ प्रदेशातल्या इन्यूइट लोकांवरच्या १९२२ च्या 'नॅनूक' या माहितीपटात उजेड मिळावा म्हणून बर्फाचं घर एका बाजूनं उघडं ठेवलं, आणि बंदुका वापरणाऱ्या माणसांना भाल्यानं शिकार करायला लावलं. प्रेक्षकाला पत्ता नाही. एरल मॉरिसनं १९८८ च्या 'द थिन ब्लू लाइन'मध्ये एकाच खुनाचे अनेक प्रसंग नटांकडून उभे केले, पण प्रत्येक प्रसंग कुठल्या साक्षीतला ते कळतं. त्यातून साक्षी किती पोकळ होत्या हे उघडं पडलं, आणि त्या खुनासाठी शिक्षा भोगणारा कैदी पुढच्या वर्षी सुटला.

आता तुमच्या विडीकडं. सुपात तंबाखू, झरझर वळणारी बोटं, दोऱ्याची गाठ: हे दिसायला इतकं देखणं की तुम्ही त्यातच अडकणार. बाजू तिथं नाही. बाजू ठरते ती कॅमेरा अंगणातच राहतो की विड्या मोजून घेतात तिथवर जातो यावर. बायकांना हजार विड्यांवर पैसे मिळतात आणि खराब म्हणून काही बाजूला काढतात. त्या बाजूला काढलेल्या विड्यांचा एक शॉट घेतलात तर कारखानदार म्हणेल तुम्ही पक्षपाती. नाही घेतलात तर बायका म्हणतील. मी तर घेईन, आणि मोजणाऱ्यालाही कॅमेऱ्यासमोर विचारीन की ह्या का काढल्या. माझा प्रश्न आवाजात ठेवीन, म्हणजे विचारणारा कोण, कुठल्या सुरात विचारतोय, हे ऐकू येईल. आणि अंतिम कटच्या आधी त्याच अंगणात बसून दाखवीन. नात बोलते तसं कुणीतरी बोलतंच.

एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा, आपल्याकडं तिच्यावरून हमखास अडतं: गावाच्या नावाची पट्टी. २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी, आपल्या तोंडी बेळगाव. पहिल्या फ्रेमवर यातलं काहीही लिहा, अर्धे प्रेक्षक तुमचं बाकीचं बघायच्या आधीच निकाल देऊन मोकळे. दुसऱ्या वेळी मी पट्टीच काढली आणि स्टँडवरच्या कंडक्टरचा आवाज ठेवला. तो आपला "बेळगाम, बेळगाम" ओरडत होता. दाखवल्यावर एकानं विचारलंच, कंडक्टर कुठल्या डेपोचा होता म्हणून.