तत्त्वज्ञानात संशोधन करू इच्छिणाऱ्या मुलीच्या वडिलांना उत्तर

सप्रेम नमस्कार,

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या आपल्या कन्येला नीतिशास्त्र, धर्म आणि राजकीय तत्त्वज्ञान यांत संशोधन करून प्राध्यापक व्हायचे आहे, आणि यात तिचा चरितार्थ चालेल का, असे आपण विचारले आहे. आपली चिंता रास्त आहे. तत्त्वज्ञानाचा स्वतंत्र विभाग मोजक्याच महाविद्यालयांत असतो आणि पीएच.डी. झालेल्यांनाही अनेकदा काही वर्षे तासिका तत्त्वावर तुटपुंज्या मानधनात शिकवावे लागते, हे तिला आजच ठाऊक असावे.

तिला हे तीन विषय वेगळे करता येत नाहीत, ही मात्र मला उणीव वाटत नाही. अमेरिकन राजकीय तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९४२ मध्ये प्रिन्स्टनला पदवीसाठी पाप आणि श्रद्धा यांवर प्रबंध लिहिला होता आणि धर्मोपदेशक होण्याचाही विचार केला होता. पुढे पॅसिफिकमधील युद्धात पायदळात असताना त्यांची श्रद्धा ढळली, १९५० मध्ये त्यांनी नीतिशास्त्रावरील प्रबंधासाठी डॉक्टरेट मिळवली, आणि न्यायाविषयीचा त्यांचा मुख्य ग्रंथ १९७१ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, प्रसिद्ध झाला. इतका काळ लागू शकतो, म्हणून मधल्या वर्षांची तजवीज आधी हवी.

त्यासाठी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळवणे हे तिचे पहिले उद्दिष्ट असावे. सध्या या शिष्यवृत्तीचे सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये मिळतात. सेट ही राज्यस्तरीय परीक्षा महाराष्ट्र आणि गोव्यात सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र ठरवते, पण शिष्यवृत्ती देत नाही.

एम.ए. कशात करावे, हा खरा अवघड प्रश्न आहे. राजकीय तत्त्वज्ञान राज्यशास्त्रातही शिकवले जाते आणि त्या विषयाचे विभाग अधिक आहेत, त्यामुळे नोकरीच्या दृष्टीने तो मार्ग थोडा सुकर आहे. पण आपण सोबत पाठवलेल्या निबंधात, पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ मध्ये केलेल्या उपोषणाविषयी लिहिताना, उपोषणाने घडवलेले मतपरिवर्तन स्वेच्छेचे म्हणावे की दबावाचे, असे ती विचारते. हा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे आणि तिने तो नेटका मांडला आहे, म्हणून मी तत्त्वज्ञानच सुचवेन. इंग्रजीत युक्तिवाद लिहिण्याचा सराव आणि संस्कृत किंवा पाली यांपैकी एका भाषेचा अभ्यास तिने याच वर्षी सुरू करावा. संतवाङ्मय तर ती आजही मुळातून वाचू शकते.