डेफरन्स म्हणजे नुसता आदर नाही

प्रश्न : क्लायंटच्या ईमेलमध्ये 'इन डेफरन्स टू युवर विशेस' असं आलंय. डेफरन्स म्हणजे रिस्पेक्टच ना?

उत्तर : नाही हो, फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. एखाद्याबद्दल रिस्पेक्ट असूनही आपण त्याच्याशी कडाडून वाद घालू शकतो, पण डेफरन्समध्ये समोरच्याचं वय, अनुभव किंवा अधिकार बघून आपलं मत बाजूला ठेवायचं आणि त्याच्या शब्दाला मान द्यायचा, आपण पडतं घेणं म्हणतो ना तेच, फक्त आदरानं. म्हणजे क्लायंट म्हणतोय, तुमच्या इच्छेला मान देऊन आम्ही असं करतोय.

क्रियापद डिफर, आणि इथे भलेभले फसतात. 'आय डिफर टू यू' म्हणजे तुम्ही म्हणाल तसं, आणि 'आय डिफर फ्रॉम यू' म्हणजे आपली मतं वेगळी, एकदम उलटं! पहिल्यात जोर 'फर'वर आणि एकच एफ, दुसऱ्यात जोर 'डि'वर आणि दोन एफ.

कोर्टाच्या भाषेतही हा शब्द खूप येतो. अमेरिकेत १९८४च्या शेव्हरॉन केसपासून कायद्यातला मजकूर संदिग्ध असला आणि सरकारी खात्यानं लावलेला अर्थ वाजवी असला तर कोर्ट तोच मान्य करायचं, त्याला शेव्हरॉन डेफरन्स म्हणायचे. जून २०२४मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं ही पद्धत मोडीत काढली.

साहेबांची हांजी हांजी करणाऱ्याला मात्र हा शब्द लावू नका प्लीज, त्याला इंग्रजीत ऑब्सिक्विअस म्हणतात.