"इथं बोललेलं घरच्या टीव्हीवर कसं दिसतं?"

ती बावीस वर्षांची, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. पुण्यात धनकवडीत आई-बाबा आणि आजीसोबत राहते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. उदासपणासाठी आमच्याकडे समुपदेशन घेत होती आणि घरी कुणाला ते ठाऊक नव्हतं. मध्येच ती यायची थांबली. परत आली तेव्हा फोन बंद करून बाहेर चपलांच्या कपाटात ठेवूनच आत आली.

"मॅडम, फोन आपलं बोलणं ऐकतो. इथून गेले की इन्स्टावर थेरपीच्या जाहिराती सुरू. परवा तर हॉलमधल्या टीव्हीवर आजीच्या कीर्तनांच्या रांगेत 'नैराश्याची लक्षणं' आलं. बाबा समोरच बसले होते."

ही काळजी आता बरेच जण घेऊन येतात. "काहीतरीच काय" असं म्हटलं, तर आपलंच डोकं बिघडलंय असं माणसाला वाटतं. "हो, फोन सगळं ऐकतोच" म्हटलं, तर तो बोलायचाच थांबतो. म्हणून भेटीतच तपासून बघायचं. फोन तिच्याच हातात ठेवायचा, समुपदेशकाने तो मागायचाही नाही.

आधी मायक्रोफोन पाहिला. अँड्रॉइड १२ पासून सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी डॅशबोर्डवर, गेल्या २४ तासांत कोणत्या अ‍ॅपने माइक कधी वापरला ते दिसतं. माइक चालू असताना पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात हिरवी खूणही येते. तिच्या यादीत फक्त व्हॉट्सअ‍ॅप कॉल होते. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७ हजारांहून जास्त अँड्रॉइड अ‍ॅप तपासली होती. गुपचूप माइक चालू करून बोलणं पाठवणारं एकही त्यांना सापडलं नाही. काही अ‍ॅप मात्र पडद्याचं चित्रण बाहेर पाठवत होती.

मग टीव्हीवर आलं कुठून? नवा टीव्ही आला तेव्हा यूट्यूब तिनेच तिच्या गुगल खात्यावरून सुरू करून दिलं होतं. रात्री अंथरुणात फोनवर पाहिलेले व्हिडिओ त्याच खात्याच्या इतिहासात जमा होत होते, आणि त्यावरून सुचवलेले व्हिडिओ सकाळी आजीसमोर येत होते. टीव्हीला हात न लावता हे सोडवता येतं. गुगल खात्यात 'सुरक्षा', मग 'तुमची डिव्हाइसेस', तिथे टीव्ही निवडून साइन आउट करायचं. मात्र अचानक बंद पडलेला यूट्यूब दुरुस्त करायला घरचे तिलाच हाक मारणार, म्हणून बाबांच्या नावाने खातं आधीच जोडून ठेवायचं ठरलं. यूट्यूबच्या इतिहासातले व्हिडिओ तिने पुसले आणि पुढच्यासाठी ३ महिन्यांनी आपोआप पुसण्याची सोय लावली.

इन्स्टाग्रामचं मूळ वेगळं होतं. पहिल्या भेटीआधी तिने एका वेबसाइटवर 'मोफत डिप्रेशन टेस्ट' दिली होती आणि निकालासाठी मोबाइल नंबर भरला होता. अशा पानांवर पिक्सेल नावाचा कोड असतो. कुणी पान उघडलं, कुणी फॉर्म भरला, हे तो जाहिरात कंपनीला कळवतो. दिलेला नंबरही खात्याशी जुळवता येतो. बेटरहेल्प या ऑनलाइन थेरपी कंपनीने लोकांची अशीच माहिती फेसबुकसह इतर कंपन्यांना दिली, म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहिताचं पाहणाऱ्या सरकारी संस्थेने २०२३ मध्ये तिच्यावर कारवाई केली. प्रकरण ७८ लाख डॉलरवर मिटलं. म्हणजे या मुलीची भीती निराधार नव्हती, तिचा रोख तेवढा चुकला होता. हे तिला स्पष्ट सांगणं फार गरजेचं होतं.

इन्स्टाच्या अकाउंट्स सेंटरमध्ये, 'तुमची माहिती आणि परवानग्या' या भागात, मेटाबाहेरच्या (मेटा म्हणजे इन्स्टाग्राम-फेसबुकची मालक कंपनी) अ‍ॅप आणि वेबसाइटवरच्या हालचालींची यादी मिळते. आधीची पुसायची आणि पुढची जोडणीही तोडायची. नुसतं पुसून थांबलं तर यादी पुन्हा भरते. जोडणी तोडल्यावर फेसबुकवरून लॉगिन केलेली अ‍ॅप बंद पडू शकतात, त्यामुळे त्यांचे पासवर्ड आधी करून घ्यावेत. गुगलच्या जाहिरात सेटिंग्जमधून अँड्रॉइडचा जाहिरात आयडी, म्हणजे जाहिरातींसाठी फोन ओळखणारा क्रमांकही, तिने डिलीट केला. यातलं काहीही केलं तरी जाहिरातींची संख्या कमी होत नाही, फक्त त्या पूर्वीइतक्या नेमक्या राहत नाहीत. लगेच फरकही दिसत नाही. हे आधी सांगितलं नाही, तर दुसऱ्या दिवशी एक जाहिरात दिसताच सगळी भीती परत येते.

इन्कॉग्निटोवर, म्हणजे ब्राउझरच्या खासगी मोडवर, तिचा फार भरवसा होता. त्यात त्याच फोनवर इतिहास उरत नाही, एवढंच. वेबसाइटला आपण दिसतोच, आणि आत जाऊन खात्यात लॉगिन केलं तर नोंदही होते.

घरात कळण्याचा सगळ्यात मोठा धोका मात्र जाहिरातीत नव्हताच. भेटीची आठवण करून देणारा आमचा मेसेज लॉक स्क्रीनवर पूर्ण दिसत होता. नोटिफिकेशन सेटिंग्जमध्ये लॉक स्क्रीनवरचा संवेदनशील मजकूर तिने लपवला आणि आम्ही मेसेजमध्ये फक्त वेळ लिहू लागलो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क आहे. जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद आहेत, तेही तिला सांगितले.

तपासणीनंतर तिची भीती ओसरली. सगळ्यांची ओसरत नाही. जाहिराती मलाच खुणा करतात, कुणीतरी पाळत ठेवतंय, अशी खात्री पुरावे पाहूनही हलत नसेल आणि झोपही उडाली असेल, तर सेटिंग्ज बदलत बसू नये. मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. लगेच कुणाशी बोलायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.