‘इंटरस्टेलर’वरून चाहते आणि समीक्षक आजही का भांडतात?

क्रिस्टोफर नोलन यांच्या ‘इंटरस्टेलर’ या अंतराळपटावर बोलताना दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतात, म्हणून हा वाद मिटत नाही. भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्या समीकरणांवरून साकारलेले कृष्णविवर आणि जलमय ग्रहावरच्या एका तासात पृथ्वीवर ७ वर्षे उलटणे, हे सापेक्षतावादाला धरून आहे, असे चाहते सांगतात आणि ते बरोबरच आहे. (प्रेक्षक गोंधळू नयेत म्हणून कृष्णविवराभोवतीच्या तप्त वायूच्या तबकडीची एक बाजू, प्रत्यक्षात दिसेल तशी, अधिक तेजस्वी दाखवणे नोलन यांनी टाळले, ही सवलत मात्र त्यांनी घेतली.) समीक्षकांचा रोख पटकथेवर आहे : प्रेमालाच काळ-अवकाश ओलांडायला लावणारा शेवट आणि संगीतकार हान्स झिमर यांच्या ऑर्गनच्या सुरांखाली दबलेले संवाद. घरून आलेले, साठलेले २३ वर्षांचे संदेश पाहताना अंतराळवीर नायक कूपरला रडू फुटते, तो प्रसंग माझ्या मते या तक्रारींना पुरून उरतो. शेवटाबाबत मात्र समीक्षकांचेच पारडे जड आहे.