टायमिंग बेल्ट तुटला तर इंजिन खरंच जातं का, की मेकॅनिक घाबरवतोय?

घाबरवत नाहीये. बदलून टाका, पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

तुम्ही लिहिलंय: डस्टर डिझेल, 2014 ची, सेकंडहँड घेतलेली, मीटरवर 78 हजार, आधीच्या मालकाकडे बेल्ट बदलल्याचं बिल नाही. आणि शेवटी, "गाडी तर मक्खन चालतेय, मग उगाच हात कशाला लावायचा?" एवढं वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो. कारण हेच वाक्य मी आमच्या दाजींच्या तोंडून ऐकलंय आणि त्याचा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

मी सांगलीचा, विश्रामबागेत राहतो. दाजी तासगावकडचे, द्राक्षबागायतदार. माझी व्हेरिटो डिझेल त्यांनी घेतली. तुमच्या डस्टरमध्ये जे दीड लिटरचं डिझेल इंजिन आहे, तेच त्या गाडीत. चांगलं इंजिन, अॅव्हरेजला तर तोड नाही. पण बेल्टवर चालणारं. विकताना मी बाजारभावापेक्षा कमी पैसे घेतले आणि का कमी घेतले तेही ताईसमोर सांगितलं: बेल्टची मुदत भरत आलीय, किट आणि वॉटर पंप आधी बदला, मगच लांबच्या प्रवासाला काढा. व्यवहाराच्या कागदावर तसं लिहिलंसुद्धा. दाजी हसले. "गॅरेजवाल्यांची पोटं भरायची कामं ही. चालतंय तोवर चालवायचं." गाडी नेली, नवीन सीटकव्हर घातली, मागं मोठे स्पीकर बसवले. दाजींच्या हिशेबात गाडीवर केलेला खर्च चारचौघांना दिसला पाहिजे.

ऊसाच्या हंगामात ते पुण्याहून लग्न आटोपून येत होते. खंबाटकी झाली, सुरूर मागं पडलं, भुईंजजवळ इंजिन गप्प. आधी कसला आवाज नाही, कुठला दिवा नाही. स्टेअरिंग जड झालं आणि ब्रेक दोनदा दाबल्यावर कडक. कशीबशी कडेला घेतली म्हणून बरं, मागं बारकी पोरं बसलेली. मला फोन आला. मी पहिलं वाक्य बोललो ते, "दाजी, सेल्फ मारू नका." तर म्हणाले, "एकदा बघतो की रे," आणि फोन चालू असतानाच किल्ली फिरवली.

तो आवाज मी ओळखतो. धडधाकट इंजिनाचा सेल्फ ठेक्यात फिरतो, कारण प्रत्येक सिलेंडरला दाब येतो आणि सेल्फला तेवढं अडखळायला होतं. इथं ठेकाच नव्हता. सलग घर्रर्र, हलकं आणि भरभर. म्हणजे दाब शून्य. मी फोनवर ओरडतोय तोवर ऊसाच्या ट्रॅक्टरवरची पोरं मदतीला उतरली होती, बिचारी चांगल्या मनानं, आणि दाजींनी दुसऱ्या गिअरला टाकून धक्का मारायला लावला.

आता यात नेमकं काय होतं ते बघा. खाली क्रँक, म्हणजे पिस्टन वर-खाली करणारा दांडा, दोन वेढे घेतो तेव्हा वर कॅम, म्हणजे हवा आत आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, एक घेतो आणि हे गणित तो दातेरी रबरी पट्टा सांभाळतो. तीन हजार आरपीएमला पिस्टन सेकंदाला पन्नास वेळा वर येतो. डिझेलला दाब जास्त लागतो, म्हणून पिस्टन वर आला की हेडपर्यंत, म्हणजे सिलेंडरच्या वरच्या झाकणापर्यंत, जागा जवळपास उरतच नाही. व्हॉल्व्ह उघडा असताना पिस्टन खाली असलाच पाहिजे. बेल्टनं दगा दिला की कॅम जिथल्या तिथं थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात, आणि गाडीच्या वेगावर क्रँक मात्र फिरतच असतो. पिस्टन येऊन त्या उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. मग गिअरमध्ये टाकून धक्का मारणं म्हणजे चाकांच्या जोरावर तेच पुन्हा करणं.

टो करून गाडी मिरजेच्या गॅरेजला आणली. कव्हर उघडलं तर बेल्ट तुटलेला नव्हताच. जागेवर होता, पण क्रँकच्या गिअरपाशी चार बोटं रुंदीचे दात साफ सोललेले. आणि एक कड तेलानं चकाकत होती. कॅमचं ऑइल सील गळत होतं, तेल रबरात मुरत होतं. पट्टा विकतानाच बदलला असता तर सील त्याच वेळी दिसलं असतं. हेड उतरवलं. पिस्टनच्या काळ्या काजळीवर चंद्रकोरीसारख्या लखलखीत खुणा. मिस्त्रीनं व्हॉल्व्ह काचेवर ठेवून एकेक लोळवून दाखवले. डोळ्याला दांडी सरळच वाटते, पण लोळताना डोकं डुगडुगतं. तेवढा बाक पुरतो, व्हॉल्व्ह सीटवर बसत नाही आणि दाब धरत नाही. एका पिस्टनच्या कडेला चीरही निघाली. व्हॉल्व्ह, गाइड, पिस्टन, गॅस्केट, हेडचं लेथवरचं काम... बेल्टला जेवढे गेले असते त्याच्या सहापट बिल झालं, आणि गाडी महिनाभर तिथंच. ऐन द्राक्षाच्या काढणीत दाजी दुसऱ्याची गाडी मागत फिरले.

एवढं होऊन बारशाच्या पंगतीत काय ऐकायला मिळालं? "मेहुण्यानं मोडकी गाडी गळ्यात मारली." पन्नास माणसांत. आणि मी काय बोलणार? घरचे जावई ते, आईनं लांबूनच डोळे वटारले. त्यांचा मुद्दा असा की घेतली तेव्हा गाडी उत्तम चालत होती, म्हणजे बेल्ट चांगला होता. अहो, बेल्ट शेवटच्या किलोमीटरपर्यंत उत्तमच चालतो! ब्रेक पॅडसारखा तो आधी चिरकत नाही. कधी बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं बेअरिंग शिट्टी मारतं, कधी वॉटर पंप गळतो, पण त्यावर विसंबून राहायचं नसतं. म्हणून तर मुदत ठरवून दिलेली असते.

तुमचं म्हणाल तर मॅन्युअल काढून मुदत बघा. त्यात किलोमीटर आणि वर्षं दोन्ही असतात, जे आधी भरेल ते धरायचं. तुमची गाडी 2014 ची आहे आणि बिल नाही, म्हणजे बेल्ट कधीच बदललेला नाही असं समजून चाला. मीटरवरचे 78 हजार खरे आहेत हे तरी कशावरून? नुसता पट्टा बदलू नका. टेन्शनर, बेल्टला वळण देणारी आयडलर पुली, वॉटर पंप सगळं एकदम, कारण पंपही त्याच बेल्टवर फिरतो आणि पुढं पंप गेला तर मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते. कंपनीचं वर्कशॉप की बाहेरचा मेकॅनिक, हा तुमचा प्रश्न मला दुय्यम वाटतो. या इंजिनाचा क्रँक आणि कॅम नेमक्या जागेवर अडकवून ठेवायच्या लॉकिंग पिना कुणाकडे आहेत ते विचारा. व्हाइटनरनं खुणा करून बेल्ट चढवणाऱ्याकडे जाऊ नका. आणि काम झाल्यावर सेल्फ मारायच्या आधी इंजिन पान्यानं हातानं पूर्ण दोन वेढे फिरवायला सांगा. कुठं अडलं तर तिथंच कळतं. जुने पार्ट मागून घ्या.

बेल्ट गेला की प्रत्येक इंजिन जातंच असं नाही. काही इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना गाठूच शकत नाहीत. तिथं नवा बेल्ट चढवला की गाडी चालू. तुमचं त्यातलं नाही. जुन्या अडीच लिटरच्या इनोव्हाला डॅशवर टी-बेल्टचा दिवा असतो, पण तो फक्त किलोमीटर मोजतो, बेल्ट कसा आहे ते त्याला कळत नाही. आणि स्विफ्टच्या 1.3 डिझेलसारख्या चेनवाल्या गाडीला हे दुखणं नाही, असं म्हणून दाजींनी आता चेनवालीच घेतलीय. "चेनला मेंटेनन्सच नसतो," हे त्यांचं नवीन पालुपद. चेन ऑइलवर जगते, दाजी. ऑइल वेळेवर बदललं नाही तर चेन सैल पडते आणि सकाळी थंड इंजिनाला खडखड सुरू होते. हेही एकदा सांगून झालंय.

आणि पुढं कधी ही डस्टर विकाल तर नात्यात विकू नका. विकलीच, तर बाकी असलेली कामं कागदावर लिहून सही घ्या, आणि सही घ्यायच्या आधी दोन माणसांसमोर मोठ्यानं वाचून दाखवा. माझ्याकडे सही आहे, पण दाजी म्हणतात, मी वाचलंच नव्हतं.