मुंबईत स्पेक्ट्रम किती वापरला जातो, हे स्वस्त एसडीआर डोंगलने (कॉम्प्युटरला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) मोजता येईल का? (बीई प्रोजेक्ट)

येईल, पण ‘मुंबईचा स्पेक्ट्रम’ असं शीर्षक देऊ नका. व्हायव्हात पहिला प्रश्न त्यावरच येईल. एका गच्चीवरून, एका अँटेनाला जे दिसतं तेवढंच तुम्ही मोजणार आहात.

आर८२०टी२ ट्यूनरचा डोंगल साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ घेतो, पण एका वेळी जेमतेम २.४. अख्ख्या पट्ट्याला सव्वासातशेच्या आसपास उड्या! प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला किती क्षण येतात बघा. एफएमचं काही बिघडत नाही, ९८.३ दिवसभर चालूच असतं. वॉकीटॉकीवरचं दोन सेकंदांचं बोलणं मात्र हमखास निसटतं. म्हणून दोन-तीन छोटे पट्टे निवडा आणि तेच दिवसभर मोजा.

त्यात मोबाइलचा ९०० चा पट्टा घ्याच. ९३५ ते ९६० मध्ये टॉवर बोलतात, चोवीस तास, आलेख भरगच्च येतो. ८९० ते ९१५ मध्ये फोन टॉवरला उत्तर देतात, आणि तिथे तुम्हाला जवळजवळ सामसूम दिसेल. लगेच ‘वापर नाही’ असं लिहून मोकळे होऊ नका. फोनची शक्ती मुळातच कमी, टॉवर जवळ असला की फोन ती आणखी उतरवतो, आणि फोन असतो खाली रस्त्यावर नाहीतर लोकलच्या डब्यात. टॉवरच्या उंच अँटेनाला तो ऐकू येतो, तुमच्या डोंगलला नाही. प्रोजेक्टचा खरा जीव या जोडीत आहे. बाकीचे आलेख कोणीही काढतो.

एजीसी (गेन आपोआप कमी-जास्त करणारी सोय) बंद, गेन म्हणजे सिग्नल किती मोठा करायचा ते कायम. अँटेना काढून ५० ओहमचा टर्मिनेटर (अँटेनाच्या जागी लावायचं बंद टोक) लावा आणि आधी डोंगलचा स्वतःचा नॉइज फ्लोअर, म्हणजे सिग्नल नसतानाची खरखर, नोंदवा. त्याच्या ५ डीबी वर थ्रेशोल्ड (ज्याच्या वर गेलं की ‘वापरात’ मोजायचं ती रेषा) धरलात की १० डीबी, यावर वापराची टक्केवारी बदलते; दोन्ही आकडे छापा. कॅलिब्रेशनशिवाय डीबीएम (सिग्नलची प्रत्यक्ष शक्ती) लिहू नका.

शेजारच्या इमारतीवर टॉवर असेल (मुंबईत नसेल कुठे?) तर त्याच्या जोरदार सिग्नलने डोंगल गोंधळतो आणि नसलेले सिग्नलही दिसतात. संशय आला की अँटेनाशी १० डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा तुकडा) जोडा. खरा सिग्नल १० डीबीने उतरतो, तिसऱ्या क्रमाचं इंटरमॉड्युलेशन (डोंगलमध्येच सिग्नल मिसळून तयार झालेला खोटा सिग्नल) सुमारे ३० ने. एफएमचा त्रास असेल तर ८८ ते १०८ अडवणारा फिल्टर लावा. घरातले एलईडी दिवे आणि चार्जर बंद करूनही एकदा मोजा, फरक दिसेल.

मोबाइलचा १८०० चा पट्टा किंवा ३.३ गिगाहर्ट्झवरचं फाइव्ह-जी हवंच असेल तर हॅकआरएफसारखा मोठा एसडीआर लागेल, तो ६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. फक्त तो ट्रान्समिटही करतो, आणि लायसन्सशिवाय ते करायचं नाही.